बारा रविवारांचा मेकाट्रॉनिक्स कोर्स : एका जॉबरचा अनुभव

मी इचलकरंजीत रॅपियर मागांवर जॉबर आहे, म्हणजे माग लावणारा आणि दुरुस्त करणारा मेकॅनिक. वय ४४. कामाला लागून २३ वर्षं झाली. पहिली नऊ वर्षं साध्या मागांवर गेली, बाणा (आडवा धागा) नेणाऱ्या धोट्याच्या खडखडाटात, आणि पुढची सगळी रॅपियरवर, जिथं बाणा धोट्याऐवजी चिमटी ओढून नेते. या पावसाळ्यात मी कोल्हापुरातल्या एका खासगी ट्रेनिंग सेंटरमध्ये मेकाट्रॉनिक्सचा, म्हणजे मशीनमधलं लोखंड, वीज आणि कंट्रोल एकत्र शिकवणारा, कोर्स केला. बारा रविवार, सकाळी नऊ ते चार, फी १४,५०० रुपये. निम्मी मालकांनी दिली, निम्मी मी भरली. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण चांगल्याबरोबर काही तक्रारीही सांगायच्या आहेत. पण असे कोर्स आता बऱ्याच ठिकाणी निघालेत, आणि माझ्यासारख्या पान्यावर हात बसलेल्या माणसानं तिथं जावं का, हे मला तीन-चार जणांनी विचारलं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गेलो का ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं १६ रॅपियर आहेत. त्यातल्या ११ नंबरच्या मागावर गेल्या वर्षी कापडात पट्टी पडायला लागली. मशीन थांबून पुन्हा सुरू होताना एखादी पट्टी येते, ती आम्हाला नवी नाही. ही पट्टी मात्र मशीन चालू असतानाच यायची. वीतभर कापड चांगलं, मग बोटभर विरळ, पुन्हा चांगलं. मी बॅकरेस्टची (ताणा, म्हणजे उभे धागे, ज्यावरून येतात त्या मागच्या रुळाची) उंची बदलून पाहिली, बीमवर गुंडाळलेला ताणा सोडणाऱ्या लेट-ऑफचे गिअर उघडून पाहिले, फणी बदलली. फरक नाही. मग इलेक्ट्रिशियन आला. त्यानं ताण्याचा ताण मोजणाऱ्या लोडसेलची केबल बदलली, डिस्प्लेवर आकडे पाहिले आणि म्हणाला, "मामा, इलेक्ट्रिकल ओके आहे, तुमचं मेकॅनिकल बघा." मी म्हटलं, मेकॅनिकल सगळं पाहून झालंय, मागाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं असेल. कार्ड बाहेर दुरुस्तीला पाठवलं. तीन आठवडे मशीन बंद. बिल २२,००० रुपये. कार्ड परत आलं, बसवलं आणि पहिल्याच ताग्यात पट्टी पडली. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, कार्ड शंभर टक्के चांगलं आहे, तुमच्या मोटरमध्ये दोष असेल.

तीन माणसं, तिघंही आपापल्या कामात तरबेज, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतोय. कुणी खोटं बोलत नव्हतं. ज्यानं त्यानं आपल्या हद्दीपर्यंतच पाहिलं होतं. मालक रागावले नाहीत, पण फोल्डिंग खात्यात डॅमेजचे तागे वेगळे रचलेले मी रोज बघत होतो, आणि ते बघवत नव्हतं.

तर असा मी पहिल्या रविवारी वर्गात बसलो.

बॅचमध्ये १४ जण होतो. फिटर, टर्नर, दोन वायरमन, एका साखर कारखान्यातला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, दुचाकीच्या गॅरेजचा एक मुलगा, डिप्लोमाची तीन पोरं, एक मुलगी जी पॅकिंग मशीनच्या कंपनीत असेंब्लीला आहे. शिकवणाऱ्या मॅडम इलेक्ट्रॉनिक्सच्या. बारा वर्षं कारखान्यांत पॅनेल उभारून मग शिकवण्याकडं आलेल्या. त्यांनी पहिल्याच तासाला एक नियम केला : फिटरनं फिटरशेजारी बसायचं नाही. प्रत्येक टेबलावर एक लोखंडातला आणि एक विजेतला. माझ्या वाट्याला २२ वर्षांचा वायरमन पोरगा आला. या कोर्समधली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती असं विचाराल तर मी हा नियम सांगेन. नंतर मॅडमकडूनच कळलं की वर्ल्डस्किल्सच्या जागतिक स्पर्धेत मेकाट्रॉनिक्सला दोघांचीच टीम असते. ते ऐकून नवल वाटलं नाही.

मेकाट्रॉनिक्स हा शब्द मला कॉलेजातला, मोठ्या माणसांचा वाटायचा. तो कॉलेजात जन्मलेलाच नाही. १९६९ मध्ये जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतल्या तेत्सुरो मोरी नावाच्या इंजिनिअरनं तो बनवला, मेकॅनिझममधला 'मेका' आणि इलेक्ट्रॉनिक्समधला 'ट्रॉनिक्स' जोडून. कंपनीनं १९७१ मध्ये त्याचा ट्रेडमार्क घेतला आणि पुढं हक्क सोडून दिला, म्हणून आज तुम्ही-आम्ही तो वापरतोय. यास्कावा ही मोटर बनवणारी कंपनी. मोटर बनवणाऱ्यालाच हा शब्द का सुचला, ते मला आता कळतं. मोटरला एका टोकाला वीज आणि दुसऱ्या टोकाला लोखंड असतं. मोटरवाला दोन्हीकडच्या तक्रारी ऐकून घेतो.

पुढं त्या शब्दात एकेक विषय शिरत गेला. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला, आणि काही वर्षांत कंट्रोल आणि प्रोग्रॅम ही तिसरी बाजू जोडली गेली. मग मशीनं एकमेकांशी बोलायला लागली. जर्मनीत १९९८ मध्ये 'मेकाट्रॉनिकर' हा रीतसर ट्रेड सुरू झाला, आणि २००३ मध्ये त्यांनी मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे दोन जुने ट्रेड एकत्र करून टाकले. गाडीत कुठं लोखंड संपतं आणि कुठं वायर सुरू होते हे सांगता येईना, म्हणून. आपल्याकडंही आयटीआयला टेक्निशियन मेकाट्रॉनिक्स असा दोन वर्षांचा ट्रेड आहे. माझ्या वेळी असता तर मी तोच घेतला असता.

गॅरेजच्या मुलानं हे ऐकून जे सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नवे नियम आले, नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि त्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्याचा बाप आवाज ऐकून, स्क्रू पाव आटा फिरवून गाडी सेट करायचा. आता थ्रॉटलची पोझिशन एक सेन्सर सांगतो, धुरातला ऑक्सिजन दुसरा सांगतो, आणि पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. "बाबांचा कान अजून तसाच आहे, पण स्क्रूच राहिला नाही," असं तो म्हणाला. वर्ग गप्प झाला. आम्हा सगळ्यांच्याच घरात असा एक कान किंवा असा एक हात आहे.

आता शिकवलं काय ते सांगतो.

पहिले दोन रविवार सेन्सर. तीन वायरचा प्रॉक्सिमिटी सेन्सर : तपकिरी वायर २४ व्होल्ट, निळी शून्य, काळी आउटपुट. पीएनपी (आउटपुटला प्लस देणारा) आणि एनपीएन (आउटपुटला शून्य देणारा) यांतला फरक मी इतकी वर्षं दुकानदाराला "हाच द्या, असाच द्या" म्हणून भागवत होतो. मॅडमनी दोन्ही जोडायला लावले, चुकीचा जोडला तर काय होतं ते पाहायला लावलं. तिसरा-चौथा रविवार हवेचा : सिलिंडर, पाच-दोनचा (पाच तोंडं, दोन स्थिती असलेला) व्हॉल्व्ह, फ्लो कंट्रोल. इथं एक प्रसंग झाला, तो पुढं सांगतो. पाचवा-सहावा पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरचा. त्याचा इतिहास मॅडमनी चांगला सांगितला. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या गिअरबॉक्स कारखान्याला रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, पॅनेलचा कंटाळा आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की भिंतभर रिलेंची वायरिंग नव्यानं करायची. त्यातून डिक मॉर्ले आणि त्यांच्या सोबत्यांनी मोडिकॉन ०८४ हा पहिला पीएलसी बनवला. त्यात प्रोग्रॅम लिहायची पद्धत मुद्दाम शिडीसारखी ठेवली, कारण कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला रिलेचं ड्रॉइंग वाचता येत होतं. नवीन वस्तू जुन्या माणसाच्या हातात बसेल अशी बनवली, म्हणून ती टिकली. मला हा शिडीचा प्रोग्रॅम, म्हणजे लॅडर, दुसऱ्या दिवशी वाचता आला तो याच कारणानं. माझ्या शेजारच्या वायरमननं तर पहिल्या तासालाच वाचला.

पण माझ्या डोक्यात खरा उजेड पडला तो एका साध्या गणितानं.

मी विचारलं, "मॅडम, हा पीएलसी आमचा माग चालवेल का?" त्यांनी उत्तर दिलं नाही, मलाच फळ्यावर बोलावलं. मागाचा स्पीड किती? ४००. म्हणजे मिनिटाला ४०० फेरे, एका फेऱ्याला १५० मिलिसेकंद. एका फेऱ्यात अंश ३६०. म्हणजे एका अंशाला अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ, ०.४२ च्या आसपास. आता टेबलावरचा पीएलसी सगळे इनपुट वाचून, प्रोग्रॅम चालवून, आउटपुट द्यायला १० मिलिसेकंद घेत होता. तेवढ्या वेळात माग किती फिरला? २४ अंश.

रॅपियरवर काम केलेल्या माणसाला २४ अंश म्हणजे काय ते सांगायला नको. बाण्याचा धागा पकडायला दोन-चार अंश उशीर झाला तरी टोक सुटतं. म्हणून मागाच्या कार्डात मुख्य शाफ्टवरच्या एन्कोडरचा, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरचा, पल्स थेट वेगळ्या जागी जातो, त्याला रांगेत थांबावं लागत नाही. मी इतकी वर्षं डिस्प्लेवर अंश वाचत होतो. डिग्री बघून कलर सिलेक्टर, म्हणजे कुठल्या रंगाचा बाणा जाणार ते ठरवणारा भाग, सेट करत होतो. त्या आकड्यामागं ही पळापळ चालू आहे हे त्या दिवशी फळ्यासमोर उभं राहून कळलं.

आणि त्यातून आणखी एक गोष्ट उमगली, ती मॅडमनी शिकवली नाही, माझी मलाच दिसली. साध्या मागावर सगळा वेळ लोखंडात असायचा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे म्हणजे खालच्या शाफ्टचा एक, हे गिअरच्या दात्यांनी ठरवून टाकलेलं. वही (ताणा वर-खाली करणारी चौकट) कधी उघडायची, धोटा कधी मारायचा, हे टॅपेट नावाच्या कॅमच्या आकारात घडवलेलं. वेळ बदलायची तर टॅपेट सोडवा, फिरवा, पुन्हा आवळा. अंग तेलानं माखायचं. आता लेट-ऑफची मोटर वेगळी, टेक-अपची (विणलेलं कापड गुंडाळणारी) वेगळी, फीडरची (बाणा पुरवणारी) वेगळी. त्यांना बांधणारी लोखंडी साखळी राहिली नाही. त्यांना एकत्र ठेवतो तो आकडा. पूर्वी वेळ चुकली की आवाज यायचा, आता आवाज येत नाही. म्हणून आपण पाना घेऊन फिरतो आणि आपल्याला काही सापडत नाही.

इथंच माझी पहिली तक्रार. कोल्हापूरपासून तीसेक किलोमीटरवर इचलकरंजी आहे, जिथं विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, आणि या कोर्समध्ये मागाचा उल्लेख एकदाही नव्हता. उदाहरणं सगळी बाटल्या भरण्याची आणि कन्व्हेअरची. मला हे खटकलं, कारण आपोआप थांबणारं यंत्र ही कल्पनाच मुळात मागावर वाढली आहे. जपानमध्ये साकिची टोयोदांनी १९२४ मध्ये जी-टाइप ऑटोलूम पूर्ण केला. धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, आणि बाणा संपला की न थांबता धोटा बदलायचा. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. त्याच घराण्यातून पुढं टोयोटाची मोटार आली, आणि टोयोटाचे एअरजेट आजही बाजारात आहेत. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं आधी जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी लिहून ठेवली होती. आपली ड्रॉपपिन घ्या. उभा धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि माग थांबतो. हा सेन्सरच आहे की! वीज नसलेल्या काळातला. मी हे वर्गात उभं राहून सांगितलं. मॅडमनी थांबवलं नाही, उलट पुढच्या रविवारी मला ड्रॉपपिनची एक माळ घेऊन यायला सांगितली, आणि ती टेबलाटेबलावर फिरवली.

सातवा रविवार लोडसेलचा. माझ्यासाठी हा एकच दिवस झाला असता तरी फी वसूल होती.

लोडसेल म्हणजे लोखंडाचा एक छोटा ठोकळा. त्यावर पातळ पत्र्याची नागमोडी पट्टी चिकटवलेली. ठोकळ्यावर जोर आला की तो डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो, पट्टी ताणली जाते, तिचा रेझिस्टन्स बदलतो. दहा व्होल्ट दिले तर पुऱ्या वजनाला साधारण वीस मिलिव्होल्ट परत येतात. वीस मिलिव्होल्ट! आणि शेजारून मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरच्या शेकडो व्होल्टच्या केबली जातात. म्हणून शिल्डची केबल, म्हणून ती पॉवरच्या केबलपासून लांब. इथवर इलेक्ट्रिकल. मग मॅडमनी विचारलं : "समजा केबल चांगली, सेल चांगला, कार्ड चांगलं. तरीही आकडा खोटा येऊ शकतो का?"

कुणीच बोललं नाही. त्यांनी टेबलावरच्या सेलवर एक किलोचं वजन ठेवलं, आकडा लिहिला, वजन काढलं, पुन्हा आकडा लिहिला. शून्यावर आला. मग सेलला जोडलेल्या दांडीचा बोल्ट जरासा आवळला आणि तेच पुन्हा केलं. वजन काढल्यावर आकडा शून्यावर आला नाही, मध्येच अडकून राहिला. "सेलला जे कळतं तेच तो सांगतो. जोर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही तर तो काय सांगणार?"

मला ११ नंबरचा माग दिसला.

त्या आठवड्यात तिथला बीम संपायची वाट बघितली. बीम उतरला, बॅकरेस्ट मोकळा झाला. आमच्या मागच्या खोलीत साध्या मागाची जुनी वजनं पडलेली आहेत, बिडाची. पूर्वी बीमच्या पुलीवर साखळी असायची, साखळीला दांडी, दांडीला ही वजनं. बीम भरलेला असताना वजन टोकाला, बीम बारीक होत गेला की वजन आत सरकवायचं, कारण त्याच वजनाला ताण वाढत जातो. बीमचा घेर तिसऱ्या हिश्शावर आला तर ताण तिप्पट. ते सरकवणं हे जॉबरचं काम. ताण्यावर तळवा ठेवून कळायचं. त्यातलंच एक दहा किलोचं वजन आणलं, दोरीनं ११ नंबरच्या बॅकरेस्टला टांगलं, डिस्प्लेवरचा आकडा लिहिला. वजन काढलं. आकडा मूळ जागी आला नाही. पुन्हा टांगलं, पुन्हा काढलं. दर वेळी तो वेगळ्या ठिकाणी थांबायचा. शेजारच्या १२ नंबरवरचा बीम दोन दिवसांनी उतरला, तिथं हेच केलं. तिथं आकडा बरोबर परत आला.

बॅकरेस्टचा पिव्हट उघडला. बेअरिंगमध्ये सायझिंगची (ताण्याला लावलेल्या खळीची) भुकटी आणि रुई बसून त्याचा घट्ट लगदा झाला होता. हातानं हलवलं तर हलत होतं, म्हणूनच मी आधी पास केलं होतं. पण किंचित अडत होतं. ताण वाढायचा, बॅकरेस्ट अडून राहायचा, सेलला कळायचं नाही, ताणा सोडणारी सर्वो मोटर गप्प. मग एकदम सुटायचा, सेलला एकदम कळायचं, सर्वो भसकन ताणा सोडायचा. तेवढी बोटभर पट्टी विरळ. दोन बेअरिंग, ६४० रुपये. त्या दिवसापासून ११ नंबरवर ती पट्टी नाही.

मी बरोबर होतो का? नाही, दोष माझ्याच हद्दीत होता. इलेक्ट्रिशियन बरोबर होता का? त्याचंही अर्धंच, कारण डिस्प्लेवरचा आकडा खरा आहे असं धरून तो निघून गेला होता. आम्ही दोघं एकाच वेळी मशीनपाशी उभे राहिलो असतो, एकानं वजन टांगलं असतं आणि दुसऱ्यानं आकडा वाचला असता, तर दहा मिनिटांत सापडलं असतं. त्याला मी हे दाखवलं. आता कुठल्याही मशीनवर पट्टीची तक्रार आली की आम्ही दोघं मिळून जातो.

आता बाकीच्या तक्रारी, स्पष्ट सांगतो.

चौथ्या रविवारी आमच्या टेबलावर हवेचा सिलिंडर जोडला होता. माझ्या जोडीदारानं २४ व्होल्टचा सप्लाय बंद केला आणि बोट घालून पिस्टनसमोरची पट्टी सरळ करायला गेला. लाइट बंद म्हणजे मशीन मेलं, ही विजेच्या माणसाची सवय. पण हवा सहा बारनं भरलेलीच होती आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगचा होता. सप्लाय जाताच तो परत फिरला आणि सिलिंडर खाडकन बाहेर आला. नख काळं पडलं, नशीब एवढ्यावर निभावलं. हे पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला शिकवायला हवं होतं : वीज बंद केली तरी हवा शिल्लक असते, स्प्रिंग ताणलेली असते, वर उचललेलं वजन खाली येऊ शकतं. जिथं दोन-तीन धंदे एका मशीनमध्ये येतात, तिथं एका धंद्याची सुरक्षेची सवय दुसऱ्या धंद्यात अपुरी पडते. सेंटरनं त्यानंतर हवा सोडायचा व्हॉल्व्ह प्रत्येक टेबलावर बसवला हे खरं, पण पोराचं बोट चेंगरल्यावर. याला मी माफ करू शकत नाही.

सर्वोचा किट एकच होता, चौदा जणांत. करंट, स्पीड आणि पोझिशन ही तीन लूप एकात एक कशी बसतात हे मॅडमनी समजावलं छान, पण गेन (चूक दिसली की मोटर किती जोरात सुधारते ते) वाढवल्यावर मोटर कशी घूं घूं करत थरथरते हे प्रत्येकाच्या हातात यायला हवं. माझ्या वाट्याला वीस मिनिटं आली. नोट्स सगळ्या इंग्रजीत. मॅडम मराठीत शिकवतात, सगळं समजतं, आणि घरी जाऊन कागद उघडला की निम्मं गळतं. टर्नरकाकांनी तर दुसऱ्या महिन्यात सोडून द्यायचं म्हटलं होतं. डिप्लोमाच्या पोरांनी त्यांना रोज संध्याकाळी फोनवर वाचून दाखवलं म्हणून ते टिकले. शेवटचे दोन रविवार इंडस्ट्री ४.० नावाखाली स्लाइड दाखवण्यात गेले, दुसरे एक सर आले होते. त्या दोन दिवसांत सर्वोचा किट सगळ्यांच्या हाताखालून गेला असता. जाहिरातीत नोकरीची हमी लिहिली होती. माझा तो प्रश्न नव्हता, पण डिप्लोमाच्या पोरांना अजून तरी काही मिळालेलं नाही, आणि त्यांनी उसनवारी करून फी भरली होती. ती ओळ जाहिरातीतून काढावी असं मी लेखी दिलं आहे.

तरीही जावं का? जो रोज मशीनपाशी उभा राहतो त्यानं जरूर जावं, मग तो फिटर असो की वायरमन. जो अजून कुठल्याच एका कामात मुरलेला नाही, त्यानं घाई करू नये असं मला वाटतं. त्या डिप्लोमाच्या पोरांना तिन्ही विषयांतलं थोडं थोडं यायचं, पण मशीनसमोर उभं केलं की हात कुठं लावायचा हे सुचायचं नाही. माझ्या जोडीदाराला वायरिंग पक्कं येत होतं, म्हणून त्याला माझ्याकडून लोखंड घेता आलं. आठव्या रविवारनंतर मी त्याला आमच्या कारखान्यात आणलं होतं. चालू मागाच्या ताण्यावर त्याचा तळवा ठेवला, आणि डिस्प्लेवरचा आकडा वाचायला लावला. मग पॅरामीटरमध्ये ताण थोडा वाढवला. "कळलं का?" म्हटलं. तो म्हणाला, "आकडा कळला मामा, हाताला नाही कळलं." पुन्हा कमी केला, पुन्हा वाढवला. पाचव्या-सहाव्या खेपेला आकड्याकडं न बघता त्यानं सांगितलं, वाढला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

जाणाऱ्यांना एक सांगणं आहे. आपल्या मशीनचा एखादा न सुटलेला दोष वहीत लिहून घेऊन जा. मी तसा दोष घेऊन गेलो नसतो तर सातव्या रविवारी मॅडमनी आवळलेला तो बोल्ट माझ्यासाठी नुसताच बोल्ट राहिला असता.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. मॅडमनी विचारलं होतं, मागाचं काही टेबलावर ठेवता येईल का. मालकांना विचारून आमच्या भंगारातला एक जुना फीडर आणि एक मोडका कलर सिलेक्टर घेऊन गेल्या रविवारी गेलो. मी आणि माझ्या जोडीदारानं मिळून ब्रॅकेट बनवलं, फीडर चार नंबरच्या टेबलावर बसवला. मोटर फिरते. धाग्याचा सेन्सर अजून जोडायचा आहे, त्याची केबल आतून तुटलेली निघाली. ती घेऊन येत्या रविवारी पुन्हा जातोय.